मुलगी वयात येते ती कशाने?

मुलीला फार लवकर न्हाण आले की घरात पहिला जाब विचारला जातो तो तिच्या आईला. हिने काय खाऊ घातले, कसले वळण लावले, असा एकूण सूर असतो. आहाराचा आणि अंगकाठीचा या गोष्टीशी संबंध आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण शास्त्राचा इतिहास चाळला, तर हा खटला निराळाच दिसू लागतो.

कैरी पिकावी तसे शरीर आतून पक्व होते आणि मग ऋतू येतो, अशी आपली समजूत. १९५२ साली हॅरिस व याकोबसोन यांनी उंदराच्या पिलांची पीयूषिका ग्रंथी काढून प्रौढ मादीच्या मेंदूखाली बसविली, तेव्हा ती कोवळी ग्रंथी प्रौढ ग्रंथीसारखी काम करू लागली! पुढे १९८० साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे नोबिल यांच्या प्रयोगशाळेत वयात न आलेल्या माकडिणींना मेंदूतील एक संप्रेरक तासातासाला टोचण्यात आले. त्यांची ऋतुचक्रे सुरू झाली. टोचणे थांबताच त्या पुन्हा पूर्ववत् बालवयात गेल्या. म्हणजे यंत्र जोडून तयारच होते. मेंदूने लगाम आवळून धरला होता, एवढेच.

हा लगाम सैल कोण करतो? १९९६ साली हर्शी या चॉकलेटच्या गावी कर्करोगाचा अभ्यास करताना एक जनुक हाती लागले. तिथल्या प्रसिद्ध चॉकलेटावरून त्याला ‘किस’ हे नावही मिळाले. त्याचा खरा अधिकार कळला तो २००३ साली, पॅरिस आणि बोस्टन येथे. नात्यात लग्ने झालेल्या घराण्यांतील काही भावंडे वयातच येत नव्हती. ‘किस’चा निरोप घेणारे जनुक त्यांच्यात बिघडलेले होते.

लगामाचाच एक पदर २०१३ साली सापडला. अकाली वयात येणारी मुले असलेली पंधरा घराणी तपासली, त्यांतील पाचांत एमकेआरएन-३ या जनुकात दोष निघाला. आता यातली गंमत पाहा. आईकडून आलेली या जनुकाची प्रत शरीरात मुकी असते; चालते ती बापाकडची. त्यामुळे या पाचही घराण्यांत दोष आला तो बापाकडून. त्या बापाला तो स्वतःच्या आईकडून मिळाला असेल, तर त्याच्या अंगी काहीच दिसत नाही. तो वेळेवर वयात येतो, संसार थाटतो आणि दोष प्रकट होतो तो त्याच्या लेकीत.