आखातात नोकरीवर असताना छोटं ऑपरेशन : विमा, रजा, कागद आणि गावी येण्याचा हिशेब

बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडी, पेडणे, डिचोली या पट्ट्यातून दुबई, कुवेत, कतार, सौदीला गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर, कुणी हॉटेलात, कुणी ऑफिसात. तब्येत चांगली असते तोवर विम्याचं कार्ड पाकिटात पडून राहतं. पोटात दुखायला लागलं, जांघेत गाठ आली, मूळव्याधीनं बसणं मुश्कील झालं की मग प्रश्न सुरू होतात : इथंच करायचं की गावी जायचं? पैसे कोण देणार? पगार कापतील का? नोकरी राहील का?

हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, मूळव्याध, मोतीबिंदू ही ऑपरेशनं आता छोटी मानली जातात. एक-दोन दिवसांत, काही वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. परदेशात मात्र ऑपरेशनपेक्षा त्याच्या भोवतीचे कागद जड जातात. ते कागद नीट कळावेत म्हणून ही माहिती, मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीतल्या नियमांच्या आधारे.

थांबता येईल की नाही, हे आधी ठरवा

अपेंडिक्सला सूज आली असेल तर गावी जाण्याचा विचारच करू नये. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकतं, ताप येतो, उलटी होते. अपेंडिक्स फुटलं तर छोटं ऑपरेशन मोठं होऊन बसतं. हर्नियाचंही तसंच. आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ त्रासदायक असली तरी बहुधा थांबू शकते. पण गाठ आत जाईना, कडक झाली, दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तिथं तास मोजावे लागतात. अशा वेळी पेनकिलर घेऊन विमानात बसणं म्हणजे जिवाशी खेळ. अमिरातीत रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ आहे. इमर्जन्सीत जवळच्या हॉस्पिटलात आधी जायचं, विम्याची मंजुरी मागाहून घेतली जाते.

साधा हर्निया, त्रास न देणारे खडे, मोतीबिंदू, जुनी मूळव्याध यांत मात्र निवड करता येते. पुढचा हिशेब त्यांच्यासाठीच आहे.

विमा कुणाचा, किती

दुबईत २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा सक्तीचा झाला. कामगाराचा हप्ता मालकानं भरायचा, पगारातून कापायचा नाही, असा तिथला नियम आहे. अबू धाबीत ही सक्ती त्याहून जुनी. १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान, रस अल खैमा, फुजैरा, उम्म अल कुवैन इथल्या खासगी कंपन्यांचे कामगार आणि घरकामगारही तिच्यात आले.

उत्तरेकडच्या या अमिरातींतल्या मूळ योजनेचा वर्षाचा हप्ता ३२० दिरहम आहे. ॲडमिट झाल्यावर बिलाचे २० टक्के रुग्णानं द्यायचे, पण एका वेळी ५०० दिरहमपेक्षा जास्त नाही आणि वर्षाला १,००० पेक्षा जास्त नाही. ॲडमिट न होता डॉक्टरला दाखवलं तर २५ टक्के, जास्तीत जास्त १०० दिरहम. औषधांवर ३० टक्के.

समजा, हर्नियाच्या ऑपरेशनचं बिल १२,००० दिरहम झालं. २० टक्क्यांनी २,४०० होतात. पण मर्यादा ५०० ची असल्यानं खिशातून ५०० च जातात. ‘वीस टक्के भरावे लागतात’ एवढंच कानावर पडल्यानं घाबरून दुखणं अंगावर काढणारे बरेच असतात. मर्यादेचं वाक्य कार्डावर नसतं, पॉलिसीच्या कागदात असतं. तो कागद कंपनीच्या ऑफिसातून मागून घ्यावा.

दुबईतल्या कमी पगाराच्या कामगारांसाठी असलेल्या मूळ पॉलिसीत वर्षाची एकूण मर्यादा १ लाख ५० हजार दिरहम आहे. छोट्या ऑपरेशनला ती पुरून उरते. तिथं एक अट मात्र बघावी : पहिल्यांदाच विमा उतरवला असेल तर आधीपासून असलेल्या आजाराला सुरुवातीचे सहा महिने थांबावं लागू शकतं, इमर्जन्सी सोडून. फॉर्म भरताना जुना आजार लपवला तर पुढं दावा अडकतो.

मंजुरीची वाट

मूळ पॉलिसीवर थेट सर्जनकडे जाता येत नाही. आधी यादीतल्या क्लिनिकमध्ये साधा डॉक्टर, त्याची चिठ्ठी, मग सोनोग्राफी किंवा रक्त तपासणी, मग सर्जन. सर्जननं ऑपरेशन सुचवलं की हॉस्पिटलचा विमा विभाग कंपनीकडे मंजुरी मागतो. मंजुरी आल्यावरच तारीख मिळते.

यात तीन ठिकाणी गाडी अडते. एक, हॉस्पिटल यादीत नसतं. यादी योजनेगणिक बदलते, म्हणून रूम पार्टनरचं झालं तिथं आपलं होईलच असं नाही. दोन, मंजुरीच्या अर्जात त्रासाचं वर्णन तोकडं असतं. ‘गाठ आहे’ एवढं लिहिलं तर कंपनी ‘तातडीचं नाही’ म्हणू शकते. किती दिवसांपासून दुखतं, काम करताना काय होतं, हे डॉक्टरला सविस्तर सांगून लिहायला लावावं. तीन, पहिल्यांदा नकार आला की माणूस गप्प बसतो. नकाराचं कारण लेखी मागावं आणि डॉक्टरच्या नव्या रिपोर्टसह अर्ज पुन्हा पाठवायला सांगावं. बऱ्याचदा कागद अपुरा असतो, एवढंच कारण निघतं.

संमतीचा फॉर्म अरबी आणि इंग्रजीत असतो. समजल्याशिवाय सही करू नये. आखातातल्या हॉस्पिटलांत भारतीय नर्स भरपूर, हिंदी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच. भूल कुठली, जाळी बसवणार का, दुर्बिणीतून की उघडं, हे विचारायला संकोच नको. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, आधीचं ऑपरेशन, औषधाची ॲलर्जी हे न विचारताही सांगावं. गावच्या वैद्याचं काही चालू असेल तर तेसुद्धा. भूल देण्याआधी साधारण सहा तास अन्न बंद असतं. मध्येच चहा-बिस्कीट खाल्लं तर ऑपरेशन पुढं ढकललं जातं, आणि रजेचा दिवस फुकट.

रजा आणि पगार

अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार (क्रमांक ३३) प्रोबेशन संपलेल्या कामगाराला वर्षाला ९० दिवस आजारी रजा मिळते : पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा पगार, शेवटचे ४५ दिवस बिनपगारी. आजाराची खबर तीन कामाच्या दिवसांत मालकाला द्यायची, वैद्यकीय दाखल्यासह. प्रोबेशनमध्ये पगारी आजारी रजा नाही. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं. त्यामुळं थांबता येण्यासारखं ऑपरेशन असेल तर ते संपेपर्यंत डॉक्टरच्या सल्ल्यानं थांबण्यात शहाणपण आहे.

उदाहरण घ्या. महिना १,८०० दिरहम, म्हणजे दिवसाला ६०. हर्नियासाठी २८ दिवस घरी बसावं लागलं. १५ दिवसांचा पगार पूर्ण, उरलेल्या १३ दिवसांचा निम्मा. कापले जातात ३९० दिरहम. वर्षाच्या सुरुवातीला तापासाठी काही दिवस आजारी रजा घेतली असेल तर ते याच १५ मधून वजा होतात, हे लक्षात ठेवावं.

इतर देशांत हिशेब वेगळा. सौदीत पहिले ३० दिवस पूर्ण पगार, पुढचे ६० दिवस पाऊण, त्यापुढचे ३० बिनपगारी. कतारमध्ये तीन महिने नोकरी झाल्यावर दोन आठवडे पूर्ण आणि चार आठवडे अर्धा. कुवेतमध्ये १५ दिवस पूर्ण, मग दहा-दहा दिवसांनी पाऊण, अर्धा, पाव, आणि त्यानंतर ३० दिवस बिनपगारी. बहरीनमध्ये तीन महिन्यांनंतर १५ दिवस पूर्ण, २० अर्धा, २० बिनपगारी.

कामावरच दुखापत झाली असेल, बोट कापलं, हाड मोडलं, तर ती साधी आजारी रजा धरू नये. अमिरातीत अशा इजेच्या उपचाराचा खर्च मालकाचा, आणि उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार देणं बंधनकारक आहे. घटना कधी, कुठं झाली याची नोंद त्याच दिवशी कंपनीत आणि हॉस्पिटलच्या कागदावर व्हायला हवी. ‘खोलीवर पडलो म्हणून सांग’ असं फोरमननं सुचवलं तरी तसं सांगू नये. एका वाक्यात हक्क जातो.

कामावर परतताना

टाके साधारण सात ते दहा दिवसांत काढतात किंवा आपोआप विरघळतात. पण टाके निघाले म्हणजे आतली जखम भरली असं नाही. हर्नियानंतर चार ते सहा आठवडे जड उचलू नये असं सर्जन सांगतात. गोदाम, बांधकाम, फर्निचरच्या कामावर असणाऱ्यानं डिस्चार्जच्या वेळीच ‘हलकं काम’ असं लेखी घ्यावं. तोंडी सांगितलेलं साइटवर कोण ऐकत नाही.

कॅम्पमध्ये वरच्या बंकवर चढ-उतार पोटावर ताण आणते, तेव्हा खालचा बंक मागून घ्यावा. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पाणी, फळं, भाजी वाढवावी. मेसमध्ये रोज तेलकट रस्सा आणि खबूस चालत नाही. उन्हाळ्यात घामानं जखम चिघळते. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, पण उरलेल्या वेळातलं ऊनही कमी नसतं. ताप, जखमेतून पू, वाढती सूज, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं यातलं काहीही झालं तर पुढची तारीख न बघता हॉस्पिटल गाठावं.

गावी येऊन करायचं असेल तर

घरच्यांचा हात, आईच्या हातचं जेवण, आपली भाषा. आजारपणात याची किंमत कळते. पण पैशाचा हिशेब आधी करावा. मूळ पॉलिसी भारतातल्या ठरवून केलेल्या ऑपरेशनचे पैसे देईल असं धरून चालू नये. महागड्या पॉलिसीत तशी सोय असू शकते, ती लेखी विचारून घ्यावी.

भारतातला मेडिक्लेम आता काढला तर तोही लगेच कामाला येत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, खडे यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. परदेशी जाताना ‘आता कशाला’ म्हणून चालू पॉलिसी बंद करणारे इथंच फसतात.

सरकारी योजनांच्या अटी राज्यागणिक निराळ्या. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना राज्यात पाच वर्षं राहिलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांना ती लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्रानं २०२३ मध्ये घेतला. तिकीट काढण्याआधी घरच्या कुणालातरी हॉस्पिटलात पाठवून, आपलं कार्ड आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे विचारून घ्यावं.

गावी वाढलेल्या आजारी रजेचा दाखला अमिरातीत तसाच चालत नाही. तो साक्षांकित करावा लागतो. नेमके कोणते शिक्के लागतात ते निघण्यापूर्वी कंपनीला विचारावं.

विमान आणि औषधं

दुर्बिणीतून झालेल्या साध्या ऑपरेशननंतर आणि मोतीबिंदूनंतर सर्वसाधारणपणे एक दिवसानं, पोटाच्या साध्या उघड्या ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांनी, गुंतागुंतीच्या ऑपरेशननंतर दहा दिवसांनी प्रवास चालतो. शेवटचा शब्द सर्जनचा. विमान कंपनी डॉक्टरचा दाखला मागू शकते.

परत जाताना औषधांच्या पिशवीकडे नीट बघावं. ऑपरेशननंतर इकडं सहज मिळणारी ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, प्रीगाबालिन, झोपेच्या काही गोळ्या अमिरातीत नियंत्रित आहेत. परवानगीशिवाय नेल्या तर विमानतळावर अटक होऊ शकते. तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी. त्याहून बरं म्हणजे डॉक्टरला सांगून दुसरी गोळी लिहून घ्यावी. शेजाऱ्यानं ‘भावाला एवढं द्या’ म्हणून दिलेलं औषध मुळीच नेऊ नये.

अडचणीत कुणाकडं जायचं

दहावी पूर्ण नसलेल्या, ईसीआर पासपोर्टवर गेलेल्या कामगारांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५. तिच्यात आजारपणात हॉस्पिटलच्या खर्चासाठी १ लाखापर्यंत, एका वेळी ५० हजारांपर्यंत तरतूद आहे. पॉलिसी काढलेली असते, पण कागद एजंटकडेच राहतो. तो निघण्यापूर्वी मागून घ्यावा आणि एक प्रत घरी ठेवावी.

विमा नाही, मालकानं हात वर केले, बिलासाठी हॉस्पिटल अडून बसलं, अशा वेळी भारतीय दूतावासाकडे जावं. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून गरजूंना तातडीच्या उपचारांसाठी मदत होते. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर ८०० ४६३४२. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर गावाकडचे नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. ठिकठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांत आणि गोवेकरांच्या संघटनांत सोबतीला, दुभाषी म्हणून येणारी माणसं मिळतात.

जवळ ठेवायचे कागद

विमा कार्ड आणि पॉलिसीची प्रत. ओळखपत्र, सौदीत इकामा. मंजुरीचं किंवा नकाराचं पत्र. सोनोग्राफी व रक्ताचे रिपोर्ट. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, त्यावर ऑपरेशनचं नाव. जाळी बसवली असेल तर तिचं स्टिकर. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल, जो आठवड्यानं येतो आणि न्यायचा राहून जातो. आजारी रजेचा दाखला आणि तो मालकाला पाठवल्याचा मेसेज. या सगळ्याचे फोटो मोबाईलवर काढून घरच्या एकाला पाठवून ठेवावेत. ऑपरेशनची बातमी घरी सांगायची नाही, उगीच काळजी करतील, असं बरेच जण ठरवतात. निदान एका भावाला, मेव्हण्याला किंवा मित्राला हॉस्पिटलचं नाव आणि तारीख माहीत असली पाहिजे.