एडिटर कोण निवडतं?

नाशिकला घरी बसून क्लायंटच्या सर्व्हरवर लॉगिन केलं, की समोर येतो व्हीआय. बिल जॉयनं बर्कलीत १९७६ मध्ये लिहिलेला. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण वेगळे नव्हतेच, एच-जे-के-एल या कीजवरच छापलेले. म्हणून कर्सर आजही त्याच अक्षरांनी हलतो!

व्हीएस कोड २०१५ ला आला, तोही फुकट. मग कन्सल्टंट तो सगळीकडे का वापरत नाहीत? सवय, असं म्हणतात. मला नाही पटत. मशीन क्लायंटचं, इन्स्टॉल करायचं तर त्याच्या सिक्युरिटी टीमची परवानगी हवी. एकदा माझं काम दोन महिन्यांचं होतं, परवानगी आली काम संपल्यावर. व्हीआय मात्र बहुतेक युनिक्सवर आधीपासूनच बसलेला. मी आधी त्यातून बाहेर कसं पडायचं, ते शिकलो.