अहमदनगर येथील ख्रिस्त सेवा संघ व खादीचे धर्मवस्त्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : धर्मगुरूचे वस्त्र हे केवळ विधीचे साधन नसून, धर्म कोणाचा आहे हे सुचविणारे चिन्हही असते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आले. परदेशी मिशनऱ्यांचा वेष मात्र पाश्चात्त्य होता.

विवेचन : रेव्ह. ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग स्वीकारला. त्यांचे चरित्रकार, अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. इंग्रज व भारतीय बंधू एकत्र राहत व खादीची वस्त्रे वापरीत. असहकार चळवळीमुळे खादी स्वराज्याची खूण बनली होती. राज्यकर्त्यांच्या वंशातील धर्मगुरूने ती अंगावर घेणे, ही वांशिक श्रेष्ठत्व नाकारणारी कृती होती. पुढे संघाचे केंद्र पुण्यास गेले.

निष्कर्ष : खादीने शासक-शासित भेदाला छेद दिला. तथापि संन्यास व आश्रम ही प्रतीके प्रामुख्याने उच्चवर्णीय परंपरेतील होती. ज्यांच्या बळावर जिल्ह्यातील चर्च उभे राहिले, त्या दलित ख्रिस्ती समाजाची ती स्वतःची चिन्हे नव्हती. म्हणूनच या समावेशकतेचे मूल्यमापन वंश व जात या दोन्ही कसोट्यांवर करणे आवश्यक ठरते.