पेव, खड्डा आणि पिशवी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुणे-बंगळूर महामार्गावरचे उंब्रज बहुतेकांना ठाऊक असते ते समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एकामुळे, नाहीतर तारळी आणि कृष्णा या नद्यांच्या संगमामुळे. आज मात्र बोलायचे आहे ते इथल्या गोठ्यांविषयी. गोठ्याशेजारी पांढऱ्या किंवा निळ्या प्लास्टिकच्या, तोंड घट्ट बांधलेल्या पिशव्या रचलेल्या दिसतात. खताच्या असाव्यात असे वाटते, पण आत मुरलेला मका असतो. त्याला आपण मुरघास म्हणतो. शब्द मोठा झकास आहे. मुरांबा मुरतो, लोणचे मुरते, तसा हा घास मुरतो. इंग्रजी शब्दकोश समोर ठेवून पाडलेल्या सरकारी शब्दांच्या गर्दीत असा शब्द क्वचित सापडतो.

हे तंत्र परदेशातून आले असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. फ्रान्समधल्या ऑग्युस्त गोफार या जमीनदाराने हिरवा मका कापून, दाबून, हवाबंद खड्ड्यात साठवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि 1877 साली त्यावर पुस्तक लिहिले. दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत छापले गेले आणि तिकडच्या गोठ्यांपुढे उंच बुरूज उभे राहू लागले. पुढे फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांना 1945 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात वैरण टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. वैरणीला नोबेल! आपल्याकडे वैरणीचा विषय निघाला की माणसे चहा मागवतात.

पण ज्या 'सायलो' शब्दावरून 'सायलेज' आले, त्याचा मूळ स्पॅनिश अर्थ धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा असा आहे. म्हणजे आपले पेव. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या होती. तिथल्या मातीत खोल खड्डा घ्यायचा, हळद भरायची आणि तोंड बंद करायचे. आत हवा नाही म्हणून कीड नाही. पेव उघडल्यावर लगेच उतरायचे नसते हेही जुन्या माणसांना पक्के ठाऊक होते, कारण आत श्वास कोंडतो. 2005 च्या महापुराने यातली बरीच पेवे निकामी केली. सांगायचे एवढेच, की हवा कोंडून माल टिकवणे कृष्णाकाठाला नवे नव्हते. मग हळदीला जे सुचले ते वैरणीला का सुचले नाही?

याचे उत्तर आपल्या पूर्वजांच्या अज्ञानात शोधू नये. त्यांच्या दावणीला बैल होता. माणदेशी खिलार बैल शाळूच्या कडब्यावर राबायचा. कडबा वाळवून गंजी रचली, वरून नीट शाकारली, की वर्ष निभायचे. गाय दूध द्यायची ते घरापुरते. अशा गाईसाठी हिरवे पीक पुरून ठेवण्याचा खटाटोप कोण करील? शिवाय वैरण कोंडायची तर ती आधी बारीक चिरावी लागते. अख्खी ताटे खड्ड्यात टाकली तर मध्ये हवा राहते आणि सगळे सडते. कोयत्याने एकरभर मका दोन दिवसांत बोटाच्या पेराएवढा चिरून पाहावा, म्हणजे अडचण कळेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी अलाहाबादच्या शेतकी संस्थेचे संस्थापक सॅम हिगिनबॉटम यांनी खड्ड्यातल्या वैरणीचा हिरिरीने पुरस्कार केला. सरकारी दुग्धशाळांना ते जमले, कारण गाई पुष्कळ, मजूर पुष्कळ आणि खर्च सरकारचा. शेतकऱ्याच्या दारात मात्र ते आले नाही.

सातारा जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला महाबळेश्वरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. उंब्रज या दोहोंच्या मध्ये, पाण्याच्या बाजूला. नदीकाठी ऊस वाढला, साखर कारखाने आले आणि गळिताच्या हंगामात उसाचे वाढे मुबलक झाले. वाढे हिरवे दिसते, जनावर चवीने खाते, पण त्यातले ऑक्झलेट शरीरातला चुना बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यावर दुभते जनावर धरत नाही. पण फुकटचे हिरवे समोर असताना हे ऐकायला फुरसत कुणाला? तिकडे माणमध्ये 1972 च्या दुष्काळाची आठवण पुसली नव्हती तोच 2012-13 मध्ये पुन्हा छावण्या उभ्या राहिल्या. 2019 साली तर उन्हाळ्यात माणमध्ये छावण्या आणि ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर, असे दोन्ही एकाच वर्षात घडले.

चित्र पालटले ते गाईमुळे. भिलवडीच्या चितळ्यांनी 1939 मध्ये दुधाचा धंदा मांडला, 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ' स्थापन केली, 1970 पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली. संकरित गाय दारात आली. ती कडब्यावर भागत नाही. एक दिवस हिरवे चुकले की संध्याकाळी डेअरीच्या मापात दिसते. आणि हे हिरवे रोज कोण आणणार? भारा बहुधा बाईच्याच डोक्यावर. आषाढातल्या चिखलात बांधावरचे ओले गवत कापून आणणे हे काम ज्यांनी केले आहे त्यांना मुरघासाचे महत्त्व व्याख्यानातून सांगावे लागत नाही.

मग वीज आली, कडबाकुट्टी आली, आफ्रिकन टॉलसारखा उंच मका आला, प्लास्टिकचा कागद आला. पेरणीपासून अडीच-तीन महिन्यांनी, दाणा चिकातून घट्ट होऊ लागला की मका कापायचा. त्या वेळी त्यात साधारण 65 ते 70 टक्के पाणी असते. कुट्टी करून थर द्यायचे, पायांनी किंवा ट्रॅक्टरने तुडवायचे आणि झाकायचे. आत दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद साखरेचे आम्ल करतात. दीडेक महिन्यात वास आंबूस-गोड येतो, रंग पिवळसर हिरवा राहतो. काळे पडलेले किंवा बुरशीचे असेल ते फेकूनच द्यावे.

तरीही घरगुती शेतीत खड्डा फारसा रुजला नाही, आणि याचे कारण साध्या हिशेबात आहे. खड्डा उघडला की तोंडाला हवा लागते, म्हणून रोज निदान वीतभर थर सरळ कापून काढावा लागतो. दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्ड्यातला एवढा थर अडीचशे किलोंच्या आसपास भरतो. गाईला रोज वीस किलो धरले तर तो बारा गाईंचा घास झाला. ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत त्याचा मुरघास खाण्याआधी बिघडणार. शिवाय नदीकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात खड्ड्याला पाझर फुटतो तो वेगळाच. ही अडचण सोडवली ती पन्नास किलोंच्या पिशवीने. एक पिशवी म्हणजे दोन गाईंचा एक दिवस, थोडे वर. उरलेल्या बंदच. पाणी चढू लागले तर त्या उचलून उंचावर नेता येतात. एकरभर चांगल्या मक्याची पंधरा-वीस टन वैरण निघते, म्हणजे दोन गाईंचे जवळपास वर्ष. ज्याच्याकडे एकरही नाही तो तीच पिशवी विकत घेतो. पिशवी घेताना तेवढी हाताने चाचपून पाहावी, कारण उंदराने पाडलेले छिद्र वरून दिसत नाही.