आच गेली, आकडे राहिले

तर मंडळी, गोष्ट सुरू होते दिवाळीच्या सुट्टीत, बुलढाण्याच्या आमच्या घरामागच्या अंगणात. समोर गॅसची शेगडी, तिच्यावर वीस लिटरचं पातेलं, बाजूला लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ. आई दोनदा येऊन "काय करून राह्यला रे बाप्पा?" असं विचारून गेलेली.

कॉलेजातला एक मित्र सध्या अमेरिकेत असतो आणि गॅरेजमध्ये स्वतःची बिअर करतो. तिकडे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. इंग्लंडमध्ये तर १९६३ पासूनच त्यासाठी परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे (आता त्याच्या नावात 'महाराष्ट्र' आहे, एवढंच). त्यामुळे माझ्या पातेल्यात नुसतं नळाचं पाणी होतं, हे आधीच सांगून टाकतो :)

मित्राची अडचण साधी होती. मोड आणून वाळवलेले सातू भरडून गरम पाण्यात तासभर ठेवावे लागतात. पाणी ६५ ते ६७ अंशांवर राहिलं तर सातूतली विकरं पिष्टाची साखर नीट करतात. त्याच्या बरंच वर गेलं तर विकरं मरतात, बरंच खाली आलं तर काम रेंगाळतं. तासभर शेगडीपाशी उभं राहून नॉब कमी-जास्त करायचा त्याला कंटाळा आला होता. "तू कोड लिही, मी बिअर पाजतो" असा आमचा करार झाला.

मला हे अर्ध्या दिवसाचं काम वाटलं. गॅसच्या नळीवर विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, ठिणगी पाडायला इग्नायटर, पाण्यात सेन्सर. तापमान ६५ च्या खाली गेलं की व्हॉल्व्ह उघड, ठिणगी पाड. ६७ झालं की बंद कर. संपलं.

पहिली गंमत सेन्सर तपासतानाच झाली. पाणी खळखळून उकळतंय आणि आकडा ९८ च्या पुढे जाईना. सेन्सरला शिव्या घालून झाल्यावर आठवलं की आपण घाटावर आहोत. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास पाणी ९८ अंशांनाच उकळतं. सेन्सर खरं बोलत होता, शाळेतलं पुस्तक मुंबईचं होतं.

दुसरी गंमत मात्र गंमत नव्हती. संध्याकाळी वारा सुटला. स्क्रीनवर ६१, मग ६०, मग ५९. वाऱ्याने पातेलं गार होत असेल म्हणून मी आकडे बघत बसलो. माझा प्रोग्रॅमही तेच करत होता. तापमान कमी, म्हणून व्हॉल्व्ह उघडा. तेवढ्यात आई आतून धावत आली, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला आणि म्हणाली, "गॅसचा वास येऊन राह्यला, तुले समजत नाही का? आच गेली अन् तू आकडे पाहून राह्यला!"

वाऱ्याने ज्योत विझली होती. जितकं पाणी गार होत होतं, तितक्या निष्ठेने माझा कोड गॅस सोडत होता. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. अंगण होतं म्हणून निभावलं. बंद स्वयंपाकघर असतं तर हा लेख लिहायला मी नसतो.

रात्री झोप येईना. आचेपाशी बसून लक्ष ठेवणं हे माणसाचं काम यंत्राकडे गेलं कधी, आणि त्यातलं काय काय गेलं, हे शोधत बसलो.

पहिलं नाव सापडतं कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाचं. इंग्लंडमध्ये राहून १६२० च्या सुमारास त्याने अंडी उबवायची भट्टी केली. भट्टी तापली की नळीतला अल्कोहोल फुगायचा, तो पाऱ्याला ढकलायचा, पारा एक दांडी उचलायचा आणि दांडी हवेची झडप झाकायची. आच आपोआप मंद. म्हणजे माझ्या त्या 'कमी झालं तर उघड, जास्त झालं तर बंद कर'ला चारशे वर्षं झाली, आणि ते काम पहिल्यांदा केलं कोणी, तर अल्कोहोलने!

बिअरवाले मात्र हट्टी निघाले. मायकल कॉम्ब्रुन नावाच्या लंडनच्या ब्रुअरने १७६२ साली थर्मामीटर वापरून बिअर कशी करायची यावर पुस्तक लिहिलं. त्याच काळात जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुण ब्रुअरला आपला थर्मामीटर वडिलांपासून लपवून वापरावा लागत होता, असं सांगतात. वडिलांचा भरवसा हातावर आणि डोळ्यावर. पुढे १८४० च्या दशकात सॅलफर्डच्या एका ब्रुअरच्या मुलाने, जेम्स जूलने, तापमानातला इतका बारीक फरक मोजल्याचा दावा केला की शास्त्रज्ञांना तो पटेना. उष्णता आणि कामाचं नातं त्याने त्यातूनच मांडलं. १८३० मध्ये अँड्र्यू युअर याने दोन धातूंची पट्टी वापरून केलेल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 'थर्मोस्टॅट' हा शब्द दिला.

पण मोजमाप दारूच्या धंद्यात आणखी एका दाराने आलं, ते म्हणजे करवसुली. दारू किती कडक हे मोजायला इंग्लंडने १८१६ साली साइक्सचा हायड्रोमीटर अधिकृत केला. तीच नजर इकडे आली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून सरकारचा कल स्पष्ट दिसतो: गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद, मोठी डिस्टिलरी चालू, कारण तिथे मोजता येतं. १९०५-०६ च्या अबकारी समितीनेही तीच दिशा धरली. आपला वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ मध्ये तो निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा कायदा इथेही लागू झाला.

आईचं माहेर घाटाखालचं, जळगाव जामोदकडचं. मागे सातपुडा, डोंगरात मोहाची झाडं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात, ती गोळा करतात, वाळवतात. दुसऱ्या दिवशी शेतावर कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना मी सहज विचारलं, जुन्या काळी मोहाची गाळताना आच किती ठेवायची ते कसं कळायचं? ते हसले. म्हणाले, "आच नाही पाहत, पाणी पाहतो." भट्टीवरच्या थंड पाण्याच्या भांड्याला हात लावायचा. गरम झालं की बदलायचं. पाणी किती वेळा बदललं यावर माल किती कडक ते ठरतं. आणि जाळ? "जाळाजवळून उठाचंच नाही."

विचार करा. सेन्सर म्हणजे तळहात, मोजणी म्हणजे पाण्याच्या खेपा. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण पुण्यात शेंगदाणे खात विनोदाने वापरतो, तो मुळात याच मोजमापातला. हे ज्ञान कोणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहिणं म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाब. पोलिसांच्या पंचनाम्यात ते 'मोहाचा सडवा नष्ट केला' एवढ्या एका ओळीत येतं. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्यापुरती गाळायची मर्यादित सवलत आहे, अलीकडे नाही. मी इथे हातभट्टीचे गोडवे गात नाहीये. दारूने बसलेली घरं मी पाहिली आहेत, आणि गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांनी लढून मिळवली. पण बॅव्हरस्टॉकला फक्त बापापासून लपावं लागलं, म्हणून त्याचा थर्मामीटर इतिहासात आला. काकांच्या आज्याला सरकारपासून लपावं लागलं.

आता मूळ प्रश्न. ड्रेबेल, युअर आणि मी, तिघांनीही तापमान सांभाळलं. ज्योत जिवंत आहे का, हे कोणी विचारलं? लाकडाच्या जाळात त्याची गरजच नव्हती. जाळ विझला तर नुसता धूर होतो. गॅस आल्यावर मात्र विझलेली ज्योत पेटलेल्या ज्योतीपेक्षा धोकादायक झाली.

त्यावरचं उत्तर फार सुंदर आहे. १८२१ मध्ये झेबेकला दिसलं की दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला असले की वीज वाहते. गॅसच्या ओव्हनमध्ये अशाच जोडाची एक काडी ज्योतीत उभी असते. त्यातून वीस-तीस मिलिव्होल्ट निघतात, तेवढ्यावर एक छोटं विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली की काडी गार, चुंबक सैल, स्प्रिंग झडप मिटवते. बॅटरी नाही, कोड नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये ज्योत गप्प झाली तरी गॅस चालूच. इथे ज्योतीला क्षणाक्षणाला आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा थांबला की गॅस थांबला.

आपल्याकडच्या बहुतेक घरगुती शेगड्यांत ही सोय नसते. तिथे गॅसमध्ये मिसळलेला मर्कॅप्टनचा वास असतो, आणि तो ओळखणारं घरातल्या बाईचं नाक. काकांचा 'उठाचंच नाही' हा नियम आईने न शिकता पाळला होता. मी ऑटोमेशन केलं ते नेमका तोच नियम मोडण्यासाठी, आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही.

आता मित्राला पाठवलेल्या कोडमध्ये पहिला प्रश्न तापमानाचा नाही. पहिला प्रश्न: ज्योत आहे का? नसेल तर व्हॉल्व्ह बंद, आणि माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत बंदच. शिवाय ओव्हनमधल्यासारखी झडप वेगळी, कोडच्या भरवशावर नसलेली. ठिणगी पुन्हा पुन्हा मारत बसायची नाही, हेही त्याला बजावलंय.

त्या फंक्शनला मी नाव दिलंय 'आई'. मित्राने विचारलं, हे असलं नाव कशाला? म्हटलं, तिला विचारल्याशिवाय गॅस सुरू होत नाही.