हलकेपणाचे मोल

डभोईकरांस भाराचे गणित नवे नाही. 1862 मध्ये गायकवाड सरकारने घातलेल्या मियागाम-डभोई मार्गाचे रूळ इतके हलके होते, की प्रारंभी गाड्या बैलांनी ओढाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात पुण्याच्या लोहगाव तळावर हेच गणित विमानांच्या रूपाने आले. धातूच्या जाळीदार सांगाड्यावर कापड ताणलेले वेलिंग्टन भरल्यावर सुमारे 13 टनांचे, वेग ताशी सुमारे 380 किलोमीटर. लाकडी मॉस्किटो सुमारे 10 टनांचे, वेग 600 हून अधिक. बाँबचा भार मात्र निम्मा. इंजिने दोहोंस दोनच. परंतु 1944 मध्ये भारतात मॉस्किटोच्या पंखांचे सांधे सुटले, वैमानिक दगावले, उड्डाणे थांबवावी लागली. म्हणून आम्हांस वाटते, यंत्रांची तुलना करताना वजन-वेगासोबत ती जेथे वापरायची तेथील हवाही मोजावी.