बाबूचा वंश

मे महिन्याच्या सुट्टीत माझी पंधरा वर्षांची भाची भिलाई-3 ला आमच्याकडे राहायला आली. तिचा बराचसा वेळ एका जपानी कार्टून मालिकेत जायचा. शर्यतीचे घोडे तिथे मुलींच्या रूपात धावतात, हरतात, पाय मोडून घेतात आणि पुन्हा उभ्या राहतात. तिची लाडकी होती तोकाई तेइओ. "मावशी, हे सगळे घोडे खरे होते," ती म्हणाली आणि मोबाइलवर खऱ्या तोकाई तेइओची वंशावळ काढून दाखवली. मी उगाच मागे मागे वाचत गेले. बाप सिंबोली रुडॉल्फ, आजा पार्थोलॉन, पणजा मायलेशियन आणि खापरपणजा माय बाबू. माय बाबूचे मालक : बडोद्याचे महाराज.

तिला गंमत वाटली. मी मात्र थबकले. भाषांतराच्या धंद्यातल्या माणसाला बडोदा म्हटले की आधी आठवतात ते तिसरे सयाजीराव गायकवाड. जगातली पुस्तके मराठीत आणि गुजरातीत यावीत म्हणून त्यांनी संस्थानाच्या खर्चाने ग्रंथमाला चालवल्या. त्याच बडोद्याचे नाव टोकियोच्या रेसकोर्सपर्यंत पोचले ते एका घोड्याच्या पाठीवरून. हे कसे झाले ते शोधताना जे हाती आले ते इथे मांडते आहे.

सयाजीराव 1939 मध्ये वारले आणि त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांना शर्यतींचा नाद होता. 1945 साली इंग्लंडमध्ये दान्ते नावाच्या घोड्याने डर्बी जिंकली. त्याच वर्षी दान्तेचा सख्खा धाकटा भाऊ लिलावात आला. बाप नेआर्को, आई रोझी लेजंड. वय एक वर्ष. पाठीवर अजून कोणी बसलेलेही नाही. प्रतापसिंहरावांनी त्याच्यासाठी 28,000 गिनी मोजल्या. त्या वयाच्या घोड्याला इतकी किंमत तोवर कोणी दिली नव्हती. घोड्याचे नाव त्यांनी ठेवले सयाजीराव.

गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा या घोड्याची किंमत झाली 29,400 पौंड. त्या वेळच्या दराने सुमारे तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. याच बडोद्याने 1913 साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. तिची एकूण रक्कम होते 414 पौंड. मी कागदावर भागाकार केला. एका शिंगराच्या किमतीत तशा एकाहत्तर शिष्यवृत्त्या बसतात. मधल्या तीस वर्षांत पैशाचे मोल उतरले होते, हे मान्य. तरीही हा आकडा डोक्यातून जात नाही.

घोड्याने मात्र नावाला बट्टा लावला नाही. 1947 मध्ये तो इंग्लंडच्या टू थाउजंड गिनीज आणि डर्बी या दोन्ही शर्यतींत तिसरा आला, मग आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरात डॉनकास्टरला सेंट लेजर ही पावणेदोन मैलांहून थोडी लांब शर्यत झाली. पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. तो आधी भारतातल्या रेसकोर्सवर घोडे दामटून तिकडे गेला होता. शेवटच्या पल्ल्यात फ्रान्सचा आर्बार अगदी अंगाशी भिडला. सयाजीराव जिंकला तो घोड्याच्या डोक्याएवढ्या फरकाने. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा महिनाही लोटला नव्हता किंवा जेमतेम लोटला होता. इकडे फाळणीचे लोंढे रस्त्यावर होते आणि तिकडे एका मराठी राजाच्या आजोबांचे नाव इंग्रज प्रेक्षक ओरडून घेत होते.

पुढच्या वसंतात त्याच तबेल्यातून दुसरा घोडा निघाला. हा फ्रान्सचा, बाप जेबेल, मूळ नाव लेरिन्स. महाराजांनी ते बदलून केले माय बाबू. 1948 ची टू थाउजंड गिनीज त्याने विक्रमी वेळेत जिंकली, याही खेपेस डोक्याएवढ्याच फरकाने. पुढे डर्बीत चौथा आला. गुडवुडला ससेक्स स्टेक्स जिंकली.

हे नाव मला भाषांतरासाठी दिले तर मी अडून बसेन. इंग्रजाच्या कानाला 'बाबू' म्हणजे कचेरीतला हिंदी कारकून, आणि त्या शब्दात थोडी कुचेष्टा असतेच. मराठी घरात बाबू म्हणजे लाडका मुलगा. आमच्या भिलाईत कारखान्याच्या नि रेल्वेच्या ऑफिसात बाबूशिवाय कागद हलत नाही, आणि बाहेर पडले की छत्तीसगढी आया कडेवरच्या मुलाला बाबू म्हणतात, मुलीला नोनी. त्यात इंग्रजी 'माय' मराठीत ऐकले की आई. माय बाबू म्हणता म्हणता मला 'मायबाप' ऐकू येते. रयत राजाला जे म्हणत आली ते. महाराजांच्या मनात यातले काहीच नसेल. पण शब्द आपले सगळे सोयरे बरोबर घेऊनच फिरतात.

या बाबूची खरी अडचण नावात नव्हती, रक्तात होती. थरोब्रेड घोड्यांची नोंद ठेवणारे इंग्लंडचे जनरल स्टड बुक 1791 पासून निघते. आज जगभरच्या सगळ्या थरोब्रेडांची पितृपरंपरा तीन घोड्यांपर्यंत जाते : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही पूर्वेकडून इंग्लंडात आणलेले. म्हणजे ज्याला शुद्ध इंग्रजी रक्त म्हणतात त्याचे मूळपुरुषच परदेशी. तरी 1913 साली लॉर्ड जर्सी यांच्या पुढाकाराने नियम झाला की आई आणि बाप या दोन्ही बाजूंनी ज्याचा प्रत्येक पूर्वज आधीच्या खंडांत सापडतो, त्यालाच यापुढे वहीत जागा. लोक याला जर्सी कायदा म्हणत. न्यूयॉर्कमध्ये जुगारबंदी झाल्यावर अमेरिकी घोडे इंग्लंडच्या बाजारात येऊ लागले होते. त्यातल्या अनेकांचे जुने कागद मिळत नव्हते. रक्ताची काळजी होती, तशी बाजाराचीही होती.

जेबेलचा बाप तूरबियाँ. त्याच्या आईकडून हे अमेरिकी रक्त आलेले. त्यामुळे जेबेल त्या वहीबाहेर, आणि त्याचा मुलगा माय बाबूही. पळायला मुभा होती, जिंकायलाही होती. पण दप्तरी तो 'हाफ-ब्रेड', अर्ध्या रक्ताचा. पंगतीत वाढायला चालतो, बसायला नाही, हा न्याय आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

1948 मध्ये गिनीज माय बाबूने जिंकली आणि सेंट लेजर ब्लॅक टार्क्विनने, तोही वहीबाहेरचा. आपल्याच सर्वांत मानाच्या शर्यती जिंकणाऱ्यांना हलके म्हणत राहणे अवघड झाले. 1949 मध्ये जर्सी कायदा मागे घेतला गेला आणि वही उघडली. त्याच वर्षी 1 मे रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बाबूला घर मिळाले आणि बाबूच्या मालकाचे राज्य गेले.

दोन्ही घोडे पुढे पैदाशीला लागले. सयाजीरावची मुलगी ग्लॅडनेस हिने 1958 चा अ‍ॅस्कॉट गोल्ड कप जिंकला, लिंक्रिसने 1960 ची आयरिश ओक्स. मुलगा इंडियाना 1964 मध्ये बापाचीच सेंट लेजर जिंकून गेला. माय बाबूचा मुलगा अवर बाबू 1955 मध्ये बापाचीच गिनीज जिंकला; 'माझा' बाबू एका पिढीत 'आमचा' झाला. पुढे माय बाबू अमेरिकेत गेला, जिथल्या रक्तापायी तो अर्धा ठरला होता तिथेच. त्याच्या तिथल्या एका मुलीचे नाव केरळा. ती रेसमध्ये गाजली नाही. पण तिचा मुलगा डमॅस्कस याने 1967 मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकल्या आणि तो अमेरिकेचा त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा ठरला. वंशाची रेघ लोक बापाकडून ओढतात. केरळासारख्या नोनी त्या रेघेत येत नाहीत. त्यांना शोधायचे तर आईचा रकाना वाचावा लागतो. गंमत अशी की माय बाबूला वहीबाहेर ठेवणारे रक्तही आईच्याच रकान्यातून आले होते.

बापाकडची रेघ आयर्लंडहून जपानला गेली. मायलेशियनचा मुलगा पार्थोलॉन तिथे पैदाशीसाठी नेला गेला. त्याचा मुलगा सिंबोली रुडॉल्फ 1984 मध्ये एकही शर्यत न हरता जपानचा तिहेरी मुकुट जिंकला. असे करणारा तो पहिलाच. त्याचा मुलगा तोकाई तेइओ 1991 मध्ये जपानी डर्बी जिंकला, 1992 मध्ये जपान कप. मग दुखापती आल्या. 1993 च्या डिसेंबरात जवळजवळ वर्षभराच्या खंडानंतर तो अरिमा किनेन शर्यतीत उतरला आणि जिंकला. भाची ज्या भागाला रडते तो हा. 'तेइओ' म्हणजे सम्राट. बाबूचा खापरपणतू सम्राट झाला.

आणि मूळ मालक? संस्थानच्या खजिन्यातून उचललेल्या रकमांवरून प्रतापसिंहरावांविरुद्ध प्रजेत असंतोष वाढला होता. 1951 मध्ये भारत सरकारने त्यांची राजा म्हणून मान्यता काढून घेतली. 1968 मध्ये ते वारले. त्यांच्या नावावर केवळ घोडे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये त्यांच्याच काळात उभे राहिले. एकच नाव त्यांनी घोड्यालाही दिले आणि विद्यापीठालाही. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात बरोडा स्टड नावाची घोड्यांची वाडी आजही आहे.

मला राहून राहून वाटते ते पहिल्या सयाजीरावांबद्दल, म्हणजे माणसाबद्दल. ते राजाच्या पोटी जन्मले नव्हते. नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. नाव बदलले, गादीवर बसवला. स्टड बुकच्या हिशेबाने त्याच्या कागदांत खोटच निघाली असती. त्याच मुलाने पुढे 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याचा वंशही मोजता येतो, पण त्यासाठी शाळांचे हजेरीपट लागतील, ग्रंथालयांची रजिस्टरे लागतील, आणि त्यात बापाचे नाव एकच नसेल. घोड्यांची वही अडीचशे वर्षांमागचे नाव चटकन काढून देते. माणसांच्या त्या वहीत आपण स्वतः कुठे आहोत हे आपल्याला नीटसे ठाऊकही नसते. ग्रंथमालेसाठी बडोद्यात बसून कोणीतरी परक्या पुस्तकाला मराठीत दत्तक घेतले, म्हणून मी आज हा धंदा करते आहे. मी स्वतःला त्या घराण्यातलीच समजते.

भाची परत जायच्या आदल्या रात्री मी तिला हे सगळे सांगितले. तिने तेइओच्या वंशावळीचा फोटो वहीत चिकटवला होता. माय बाबूच्या खाली तिने पेनने एक रेघ ओढली आणि विचारले, "मावशी, या बाजूला सयाजीराव लिहू का? घोडा नाही, माणूस."

"रक्ताचा संबंध नाही गं," मी म्हटले.

"मग तुटक रेघ काढते," ती म्हणाली, आणि तिने ती काढली.